गाण्याचे बिऱ्हाड

बिऱ्हाड हलवणे ही गोष्ट आपल्या मध्यमवर्गीय माणसाला काही नवी नाही. बदलीचा हुकूम आला की कपाटे, पलंग, पुस्तकांची पोती, लोणच्याच्या बरण्या, एवढेच काय पण तुळशीची कुंडीसुद्धा ट्रकात चढते. नव्या गावी पोचल्यावर पहिल्या रात्री चहाचे आधण ठेवले जाते, साखरेचा डबा सापडतो, दूधही कोणीतरी आणून देते. आणि मग ध्यानात येते की गाळणे नाही! ते जुन्या घरी ओट्यावरच्या खिळ्याला लटकत राहिलेले असते. कपाट कोणी विसरत नाही. विसरते ते गाळणे. आणि गाळण्यावाचून तो सबंध संसार त्या घटकेला अडून बसतो.

माणसाच्या बिऱ्हाडाची ही कथा. पण अलीकडे मला गाण्याचेही बिऱ्हाड हलवावे लागते, आणि तेही दर आठवड्याला दोनदा. त्यात काय काय खिळ्याला लटकत राहते, ते सांगावे म्हणून हा लेख.

मी मराठीचा प्राध्यापक. घर अमरावतीला, नोकरी अकोल्याला. सोमवार ते शनिवार जठारपेठेतल्या एका खोलीत मुक्काम. शनिवारी शेवटचा तास संपला की स्टेशन गाठायचे, बडनेऱ्याला उतरायचे, आणि अंधार पडता पडता घरी. बडनेरा ते अकोला हे अंतर रेल्वेने सुमारे 80 किलोमीटर. एवढ्या प्रवासात लोक पत्ते खेळतात, झोपतात, राजकारणाचा निकाल लावतात. मी चाली लावतो. ज्या गावी सुरेश भट जन्मले त्या गावच्या माणसाने कधी ना कधी एखादी ओळ गुणगुणली नाही, असे सहसा होत नाही. माझे गुणगुणणे जरा लांबले, एवढेच.

पूर्वी एक हार्मोनियम आणि एक वही यांवर हा छंद भागत असे. आता घरी एक मोठा कॉम्प्युटर आहे, त्याला जोडलेला माइक आहे, दोन स्पीकर आहेत. अकोल्याच्या खोलीत लॅपटॉप आहे. घरी ध्वनिमुद्रण करायचे आणि अकोल्याला रात्री कानाला हेडफोन लावून त्याची काटछाट करायची, असा क्रम. आमची सौ. एकदा म्हणाली, “अहो, तुमच्या गाण्याला दोन घरे आहेत, पण ते एकाही घरी नीट नांदत नाही.” मराठीच्या प्राध्यापकालाही यावर उत्तर सुचले नाही.

हे गाणे घरी आणि प्रवासात सारखेच उघडावे, यात अवघड ते काय, असे कोणालाही वाटेल. फाइल उचलायची आणि न्यायची! माझा एक जुना विद्यार्थी मूर्तिजापुरात राहतो, लग्नसमारंभांतून कीबोर्ड वाजवतो. त्यालाही असेच वाटले होते. एकदा मोठ्या उत्साहाने त्याने नव्या गाण्याची फाइल मला पाठवली आणि फोन केला, “सर, ऐकून सांगा, चाल कशी झाली ते.” उघडून पाहतो तो सगळे जागच्या जागी. ढोलकीची पट्टी, बासरीची पट्टी, गळ्याची पट्टी, रंगीबेरंगी, एकीखाली एक; पण आवाजाचा पत्ता नाही. मांडव सजला आहे, खुर्च्या मांडल्या आहेत, पाने वाढली आहेत, आणि वऱ्हाडच आलेले नाही, असा प्रकार! पडद्यावर सूचना तेवढी होती की अमुक अमुक फाइली सापडत नाहीत.

त्यात त्या पोराचे फारसे चुकले होते, असे मला वाटत नाही. जिला आपण गाण्याची फाइल म्हणतो, ती प्रोजेक्ट फाइल म्हणजे गाणे नव्हेच. ती गाण्याची यादी आहे. अमुक आवाज अमुक ठिकाणी ठेवला आहे, तो बाराव्या सेकंदाला सुरू करा, विसाव्याला हळू करा, डावीकडून थोडा जास्त ऐकू येऊ द्या, असे हुकूम तिच्यात लिहिलेले असतात. प्रत्यक्ष आवाज वेगळ्याच फाइलींत, वेगळ्याच कप्प्यात असतात. यादीचे वजन काहीशे किलोबाइट, म्हणजे जवळजवळ नाहीच. आवाजाचे वजन मात्र भारी. सेकंदाला 48,000 नमुने आणि प्रत्येक नमुना 24 बिटांचा, अशा हिशेबाने एका माइकवरचे एका मिनिटाचे ध्वनिमुद्रण साडेआठ मेगाबाइटांच्या पुढे जाते. पाच मिनिटांच्या गाण्यात अशा 10 पट्ट्या असल्या की 430 मेगाबाइट झालेच. त्या विद्यार्थ्याने मला पाठवली ती यादी. ढोलकी मूर्तिजापुरातच बसून होती.

शिवाय यादीत आवाजांचे पत्ते असतात ते त्याच्या घरचे. ‘डी’ नावाच्या कपाटात, ‘गाणी’ नावाच्या कप्प्यात पाहा, असे ती सांगते. माझ्या लॅपटॉपात ‘डी’ नावाचे कपाटच नाही. अमरावतीच्या राजापेठेतला पत्ता हातात देऊन अकोल्याच्या पोस्टमनला हिंडायला लावावे, आणि तो बिचारा टॉवर चौकातून पुन्हापुन्हा फिरून यावा, तसे ते यंत्र फिरून येते.

यादी आणि आवाज वेगळे असणे ही काही यंत्राची खोड नव्हे. आपल्या संगीताला ती जुनी ओळखीची गोष्ट आहे. पंडित भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत घराण्याघराण्यांतल्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून ठेवल्या. त्या पुस्तकात आवाज नाही; कोणता स्वर कोणत्या मात्रेवर, एवढेच आहे. तरी ते पुस्तक मुंबईहून निघून कुठेही जाऊ शकते, कारण वाचणाऱ्याजवळ स्वतःचा गळा असतो. कॉम्प्युटरच्या जगात 1983 मध्ये ‘मिडी’ नावाची जी पद्धत आली, ती याच जातीची. तिच्यात स्वराचे नाव, जोर आणि वेळ असते, नाद नसतो. समोरच्या यंत्रात सतार असेल तर ती सतार वाजवते, नसेल तर एखादे भलतेच वाद्य तोंड उघडते. मारवा लिहून पाठवावा आणि पलीकडे तो पिपाणीवर वाजावा!

तेव्हा बिऱ्हाड हलवायचे ते सगळे मिळून हलवायचे, हा पहिला धडा. गाण्याची यादी आणि तिच्यातले सगळे आवाज एकाच पेटीत, म्हणजे एकाच फोल्डरमध्ये ठेवायचे. बहुतेक प्रणालींत याची सोय असते. ‘एबलटन लाइव्ह’मध्ये ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ म्हटले की इकडेतिकडे पसरलेले आवाज तो एके ठिकाणी गोळा करतो. ‘रीपर’मध्ये फाइल साठवतानाच सगळे आवाज त्याच फोल्डरमध्ये उतरवून घ्या, असे सांगता येते. ‘एफएल स्टुडिओ’ सगळ्यांचे मिळून एक झिप गाठोडे बांधून देतो. एकदा यादी आणि आवाज शेजारी शेजारी नांदू लागले की पत्ताही सोपा होतो: ‘राजापेठ, अमरावती’ न लिहिता ‘शेजारच्या खोलीत’ एवढे लिहिले की पुरते, मग घर कुठल्याही गावात असो.

पण एवढे करूनही गाळणे राहतेच. आवाज गोळा होतात. वाद्ये गोळा होत नाहीत. कॉम्प्युटरमधला तानपुरा, तबला, गळ्याला थोडा घुमारा देणारी करामत ही सगळी प्लगइन नावाची वेगळी मंडळी. ती ज्या त्या यंत्रात मुक्कामाला असावी लागतात. घरी आहे ते वाद्य लॅपटॉपात नसेल तर त्याची पट्टी मुकी होते. यावर उपाय दोन. दोन्हीकडे नेमकी तीच वाद्ये, शक्य तर त्याच आवृत्तीची ठेवावी. किंवा निघण्यापूर्वी त्या वाद्याचे वादन साध्या आवाजात उतरवून घ्यावे. तबलजी बरोबर येत नसेल तर त्याचे वाजवणे मुद्रित करून न्यावे, तसे. मी दुसरा मार्ग धरला आहे. तो थोडा वेळखाऊ आहे. पण अकोल्याच्या उन्हाळ्यात, कूलरसमोर बसूनही लॅपटॉप हाताला चटका देतो तेव्हा, त्याच्या डोक्यावरचा तेवढा भार कमी झालेला बरा वाटतो.

तिसरी गोष्ट रुळांच्या रुंदीची. मूर्तिजापूरचे नाव वर आलेच आहे. तिथे मुंबई-नागपूरच्या रुंद मार्गाला यवतमाळहून आणि अचलपूरहून येणारा अरुंद मार्ग मिळत असे. आता बंद पडलेली आमची ती ‘शकुंतला’! अरुंद गाडीतला कापूस रुंद गाडीत तसाच जात नसे. गासडी उतरवायची आणि दुसऱ्या डब्यात चढवायची. आवाजाचेही तसेच. कोणी सेकंदाला 44,100 नमुने घेतो, कोणी 48,000. शहाणी प्रणाली गासडी नीट उतरवून चढवते. पण हे बदलणे झाले नाही आणि 44,100चा आवाज 48,000च्या रुळांवर तसाच सोडला, तर पाच मिनिटांचे गाणे 4 मिनिटे 36 सेकंदांतच संपते, आणि सूर जवळजवळ दीड श्रुतिपट्टी नव्हे, दीड पट्टी वर चढतो: पांढरी एकमध्ये गाणारा माणूस काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळू लागतो. त्या जागेला हार्मोनियमवर पट्टीच नाही. म्हणून गाणे सुरू करतानाच दोन्ही घरांत एकच माप ठरवून टाकावे, हे बरे.

इथवर सगळी यंत्राची कथा झाली. खरी अडचण याच्या पुढची आहे, आणि ती मला यंत्राने नव्हे, माझ्या विषयाने शिकवली.

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. 2024 पासून तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे, ते काही उगीच नव्हे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथेच ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्याजवळ होत्या त्यांच्याकडे ते गेले, ऐकले, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले आणि लिहिले. पुढे खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग ज्यांना जे आठवत होते त्यांनी ते पुन्हा लिहिले. एकाची आठवण एक, दुसऱ्याची दुसरी. त्यातून निरनिराळे पाठ झाले, आणि अभ्यासकांना ते शेजारी शेजारी मांडून एकेक शब्द ताडून पाहावा लागला. वि. भि. कोलत्यांनी संपादलेले ‘लीळाचरित्र’ 1978 मध्ये आले, म्हणजे मधे सात शतके गेली!

एम.ए.च्या वर्गात पाठभेद शिकवताना मी मुलांना सांगत असे की ग्रंथाला दोन भये असतात. पोथी एकच असली की ती हरवण्याचे भय. आणि पोथ्या दोन झाल्या की त्या एकमेकींपासून दूर जाण्याचे भय. गाणे दोन घरांत राहू लागल्यावर हे वाक्य माझ्याच अंगणात येऊन उभे राहिले. मंगळवारी रात्री अकोल्याला अंतऱ्यातली बासरी काढून टाकावी. रविवारी घरच्या प्रतीत तीच बासरी थोडी लांबवावी. आता खरे गाणे कोणते? इंटरनेटवरून दोन्ही प्रती आपोआप जुळवणाऱ्या सोयी आहेत. पण दोन्हीकडे बदल झालेला असला की त्याही हात टेकतात आणि ‘विरोधी प्रत’ म्हणून तिसरीच फाइल शेजारी ठेवून देतात. मग ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘नक्की अंतिम’ अशा नावांची पिलावळ वाढते. यादी ही काही शब्दशः ताडून पाहता येणारी पोथी नव्हे. दोन याद्यांतले कोणते गाणे बरे, हे दोन्ही ऐकूनच ठरवावे लागते.

यावरचा उपाय मी रेल्वेकडून घेतला. एकेरी मार्गावर पूर्वी पुष्कळ ठिकाणी ड्रायव्हरला स्टेशनमास्तरकडून एक लोखंडी गोळा मिळत असे. गोळा हातात असेल त्यानेच गाडी पुढे न्यायची. गोळा एकच, म्हणून त्या मार्गावर गाडीही एकच. माझा गोळा म्हणजे एक बोटभर लांबीची ड्राइव्ह. गाणे तिच्यावर राहते, आणि ती जिथे असेल तिथेच गाण्याला हात लावायचा. घरच्या आणि लॅपटॉपातल्या प्रती फक्त जपण्यासाठी. त्यांवर काम करायचे नाही. बॅगेत ड्राइव्ह टाकण्यापूर्वी त्या दिवसाची प्रत तारीख घालून यंत्रात उतरवून ठेवायची. माझा अकरावीतला मुलगा याला हसतो. “बाबा, आता कोणी पेनड्राइव्ह घेऊन फिरतं का?” म्हणतो. फिरत नसतील, पण बोरगाव आणि कुरूम यांच्यामध्ये फोनची रेघ नाहीशी झाली तरी माझे गाणे माझ्या खिशात असते.

एवढी यातायात एका हौशी माणसाच्या चालीसाठी कशाला, असे वाचक विचारतील. चालीसाठी नाहीच ती. या गाण्यात माझ्या आत्याचा आवाज आहे.

आत्या अकोल्याजवळच्या एका खेड्यात राहत असे. दोन उन्हाळ्यांपूर्वी मी लॅपटॉप आणि लहानसा माइक घेऊन तिच्या ओसरीवर जाऊन बसलो. ती चौऱ्यांशी वर्षांची होती. “काय रे बापू, हे कायले आनलं तू? माह्या बुढीच्या आवाजाचं काय लोनचं घालतं का?” म्हणाली. जात्यावरच्या ओव्या म्हण, म्हटले, तर एक ओळ म्हणून गप्प झाली. पुढची आठवेना. “जात्याबिगर ओवी याद नाही येत मले.” मग कोपऱ्यातले जाते ओढून आणले. दाणे नव्हतेच, रिकामेच जाते ती फिरवू लागली, आणि दगडाच्या घरघरीबरोबर एकामागून एक ओव्या येऊ लागल्या. माहेरच्या, भावाच्या, पंढरपूरच्या. अकरा मिनिटे. मग खुंट्यावरचा हात दुखला म्हणून थांबली आणि चहा टाकायला उठली.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली.

त्यानंतर त्या ड्राइव्हकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. गाण्यात जे जे आहे त्याचे मी तीन वाटे केले. प्रणाली आणि वाद्ये ही पुन्हा विकत मिळतील. तबला, तानपुरा, माझी चाल, ही पुन्हा करता येतील; कदाचित अधिक बरी होतील. तिसऱ्या वाट्यात फक्त ती अकरा मिनिटे आहेत. ती कोणत्याही प्रणालीच्या यादीत अडकवून ठेवायची नाहीत, असे ठरवले. एका प्रणालीचे गाणे दुसरीत उघडावे म्हणून 2023 मध्ये ‘डॉप्रोजेक्ट’ नावाची एक खुली पद्धत निघाली आहे, तीही चांगलीच गोष्ट; पण सगळ्यांत जुनी आणि भरवशाची वाट म्हणजे साधी ‘वेव्ह’ फाइल. ती कुठेही उघडते. आत्याचा आवाज मी तसाच, जात्याच्या घरघरीसकट, न घासता-पुसता ठेवला आहे: एक प्रत अमरावतीला, एक अकोल्याला, एक पुण्याला आत्तेबहिणीकडे. बरोबर एक चिठ्ठी: कोण म्हणाले, कुठे, कोणत्या दिवशी. ही शिस्त म्हाइंभटांची.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 2017 पासून ‘पारी’ या संस्थेने त्या लोकांपुढे आणल्या. त्यात कितीतरी ओव्या अशा आहेत की ज्यांचे शब्द कागदावर आहेत, पण आवाज नाही. शब्द वाचताना मी शिक्षक असतो; आवाज ऐकताना भाचा होतो. दोन्हींत किती अंतर आहे, हे ज्याने आपल्या माणसाचा आवाज ऐकला आहे त्याला सांगायला नको.

मागच्या महिन्यात आत्तेबहिणीचा फोन आला. गाणे कुठवर आले म्हणून विचारीत होती. मी म्हटले, बासरीचे ठरत नाही अजून. ती जरा थांबली आणि म्हणाली, “बापूदादा, तू तुझं गाणं सावकाश कर. मी रोज सकाळी नुसती आईच ऐकते.” दोन वर्षे मी ज्याच्यावर ताल चढवतो आहे, ते तिच्या घरी केव्हाच पुरे झाले होते.

गाणे मी करणारच आहे. दिवाळीच्या सुटीत ते घरीच राहील, त्यामुळे बिऱ्हाड हलवण्याचा प्रश्न नाही. पण वाचकांना एक सुचवावेसे वाटते. तुमच्याही घरात कोणाच्या तरी फोनमध्ये आजीची एखादी आरती, आजोबांनी सांगितलेली एखादी गोष्ट पडलेली असेल. तो फोन जुना झाला आहे आणि ती फाइल त्या एकाच ठिकाणी आहे. भाऊबीजेला सगळी भावंडे जमतील तेव्हा फराळ झाल्यावर ती बाहेर काढा. नाव आणि तारीख घाला. आणखी दोन घरांत तिच्या प्रती जाऊ द्या. दहा मिनिटांचे काम आहे. चकलीचा दुसरा घाणा तळून होईपर्यंत उरकते.